नसीमचा ‘काहून’

नसीम,

अकोल्याहून परत आले. तुझ्या भावानं, सलीमभाईंनी, बसस्टँडपर्यंत सोडलं. बस सुटताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, “ताई, येत राहा. नसीम नाही म्हणून घर परकं करू नका.” मूर्तिजापूर येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून रडले, आणि मूर्तिजापूर मागं पडल्यावर मला झोप लागली. इतकी गाढ, की बडनेऱ्याला कंडक्टरनं हाक मारून उठवलं. अशी झोप कित्येक महिन्यांत आली नव्हती. मैत्रिणीला निरोप देऊन आलेल्या बाईला अशी झोप लागावी याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं.

तुझं दुखणं संपलं, हे तर आहेच. शेवटच्या दिवसांत कूस बदलायची म्हटलं तरी तुझ्या कपाळावर जी आठी पडायची, ती मला घरी आल्यावरही दिसत राहायची. परवा तुला पाहिलं तेव्हा ती आठी नव्हती. पण या हलकेपणाचं आणखी एक कारण आहे. तुझ्यामाझ्यात सांगायचं राहिलेलं फार थोडं आहे. किती माणसांच्या वाट्याला हे येतं? आणि ते आपल्या शहाणपणानं आलेलं नाही. तुझ्या वाचनाच्या तासाला नववीतली एक पोरगी काहीतरी बोलून गेली, म्हणून आलं.

तो तास सुरू झाला तेव्हा मी त्याच्या विरोधात होते, हे तुला चांगलं माहीत आहे. तिवशाच्या आपल्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या आपण दोघीच. दहावी माझ्याकडे, आठवी-नववी तुझ्याकडे. अमरावतीहून रोज एकाच बसनं जायचं, एकाच बसनं यायचं. एक दिवस तू स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत धपकन बसलीस आणि म्हणालीस, “कुंदे, आज एका चोराची गोष्ट वाचली वर्गात. शेवटपर्यंत चोरच राह्यते तो, पकडल्याही जात नाही. अन् पोट्टे उभे राहून म्हणतात, लेखकाने या कथेतून प्रामाणिकपणाचा संदेश दिला आहे.”

मी हसले. तू हसली नाहीस. पुढच्या शनिवारपासून शेवटच्या तासाला तू ग्रंथालयाचं कपाट उघडायला लागलीस. फळ्यावर दोन शब्द लिहून त्यांच्यावर काट मारलीस: ‘संदेश’ आणि ‘बोध’. या तासात हे शब्द बोलायचे नाहीत. गोष्ट वाचायची, मग काय वाटलं ते सांगायचं. आवडली म्हटलं तरी चालेल, नाही आवडली म्हटलं तरी चालेल, डोक्यावरून गेली म्हटलं तरी चालेल. पण त्यानंतर तू विचारणार, “काहून?” आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत तू वाट पाहणार.

‘का’ नाही, ‘काहून’. एरवी पोरांच्या वह्यांतलं ‘करून राहिलो’ लाल शाईनं खोडणारी तू, त्या तासाला स्वतःच वऱ्हाडीत बोलायचीस. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालीस, शुद्ध बोलायला गेलं की पोरगं आधी वाक्य सांभाळते, आणि वाक्य सांभाळता सांभाळता मनातलं सांडून बसते. मग म्हणालीस, “माह्या घरी हिंदी, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी. मले मालूम आहे, लेकरू वर्गात गप्प काहून बसते.” अकोल्यात तुझ्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान होतं. कापसाच्या गठ्ठ्यावर बसून तू मराठी वाचायला शिकलीस, हे मला माहीत होतं. तुझ्या गप्प बसण्याचं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पोरांनी तुला ‘काहून मॅडम’ करून टाकलं. तुला ते आवडायचं. नाही म्हणायचीस, पण आवडायचं.

आणि मी बसमध्ये तुझ्याशी भांडायची. नांदगाव पेठ येईपर्यंत मी बोलायची, त्यानंतर तू. माझं म्हणणं असं, की मत असणं वेगळं आणि विचार करणं वेगळं. पोरगं उठून ‘बोअर आहे’ म्हणालं, तर ते मत झालं. त्यात विचार कुठं आहे? आपण त्याला शाबासकी दिली तर ते आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला बोअर म्हणत फिरेल, आणि आपण त्याला बोलायला शिकवलं म्हणून खूश राहू. तू म्हणायचीस, पहिले दार तर उघडू दे. मी म्हणायची, दार उघडल्यावर त्याला कुठं नेणार ते सांग. एकदा मी चिडून म्हणाले, “त्याला पुस्तकात परत पाठव. तुला असं वाटलं ना, मग कोणत्या वाक्यानं वाटलं ते दाखव म्हणावं. पान दाखव.”

तिवसा आलं तरी तू काही बोलली नाहीस, आणि मला वाटलं तुला राग आला. पुढच्या शनिवारी मी व्हरांड्यातून जात होते, तेव्हा आतून तुझा आवाज ऐकू आला. तू पोरांना सांगत होतीस, आता ‘काहून’नंतर आणखी एक गोष्ट विचारणार आहे, ‘पान दाखव’. आणि हे माझं नाही, कुंदा मॅडमचं आहे. तुमी त्यायले धन्यवाद म्हणा, किंवा शिव्या द्या. पोरं हसली. मी व्हरांड्यात उभी होते आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. भांडणातून मिळालेली गोष्ट ज्याची त्याच्या नावानं देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

मग नववीतल्या प्राचीचं ते झालं.

तू वर्गात वाचायला घेतली होतीस ती गोष्ट आजही मला वाक्य न् वाक्य आठवते. कपाटातल्या एका जुन्या, पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकातली. शिवणकाम करून दोन मुलांना वाढवणारी एक विधवा. तिची नजर हळूहळू जात असते, पण मुलांचं शिक्षण थांबू नये म्हणून ती कुणाला कळू देत नाही. रोज संध्याकाळी ती धाकट्याला सुई ओवून मागते आणि म्हणते, पाहू, आज किती लवकर ओवतोस. पोराला वाटतं खेळ आहे. मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात, आणि मग एके दिवशी त्यांना कळतं, की आईला दिसत नाही. शेवटी लेखक आईच्या त्यागाला हात जोडतो. माझ्या दहावीच्या वर्गात ही गोष्ट असती, तर मी ‘मातृप्रेमाचा महिमा’ लिहून दिला असता आणि पोरांनी तो परीक्षेत उतरवला असता.

तुझ्या वर्गात निम्म्या पोरी डोळे पुसत होत्या. प्राची दुसऱ्या बाकावरची, स्वतःहून कधी तोंड न उघडणारी. ती उभी राहून म्हणाली, मला नाही आवडली. तू विचारलंस, काहून. ती म्हणाली, “ते माय खोटं बोलली. पोरं आता जन्मभर म्हनतीन, आपल्यानंच मायचे डोळे गेले.”

तू मला हे बसमध्ये सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा उजळलेला होता. तुला वाटलं होतं, एका मुक्या पोरीला वाचा फुटली. तिच्या घरी काय झालं होतं ते तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

ते आपल्याला सोमवारी कळलं. प्राचीचे वडील ऑफिसात आले. बसस्टँडजवळ त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी पुन्हा भरून देणारं. मुख्याध्यापिकेचा प्रभार त्या वर्षी माझ्याकडे होता, म्हणून ते माझ्यासमोर बसले आणि तू दाराशी उभी. हळू आवाजात बोलत होते, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. त्यांच्या बायकोचं उन्हाळ्यात नागपूरला पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. दुखणं तिनं महिनोन्महिने अंगावर काढलं, घरात कळू दिलं नाही. थोडक्यात वाचली. आणि आता पोरगी शाळेतून घरी येऊन सांगते, की अशी माय खोटी असते असं मी वर्गात म्हटलं आणि मॅडमनं ऐकून घेतलं. ती बाई दोन दिवस जेवली नव्हती.

“घरातली गोष्ट तुमी वर्गात काढता अन् त्याले शिक्षण म्हनता,” ते म्हणाले. “तिची टी.सी. द्या. तिचा मामा धामणगावले आहे. तिथं शिकन.”

मी काही बोलायच्या आत तू पुढं आलीस. तू स्वतःचा बचाव केला नाहीस, माफीही मागितली नाहीस. तू विचारलंस, “भाऊ, तुमी ते गोष्ट वाचली काय?” ते नाही म्हणाले. “मंग शनिवारी वर्गात येऊन बसा. गोष्ट ऐका, पोट्टे काय बोलतात ते ऐका. त्यानंतर मागा टी.सी. कुंदा मॅडम देतीन.”

ते गेल्यावर मी तुझ्यावर किती चिडले होते ते तुला आठवत असेल. माझ्या सहीचा दाखला तू देऊन मोकळी झालीस. दुपारी संस्थेच्या सचिवांचाही फोन आला. त्यांच्या कानावर गेलंच होतं. हा प्रकार बंद करा, म्हणाले. मी त्यांच्याकडून शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली. तुझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. पोरगी धामणगावला गेली तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, या धास्तीनं.

शनिवारी ते आले. मागच्या बाकावर बसले. गुडघे मावत नव्हते, म्हणून तिरपे. हातांना वायंडिंगच्या व्हार्निशचा वास येत होता. मी शेजारच्या बाकावर होते म्हणून मला आला. समोर प्राचीची पाठ लाकडासारखी ताठ. तू नेहमीसारखं ‘काय वाटलं’ विचारून सुरुवात केली नाहीस. पूर्ण गोष्ट पुन्हा वाचलीस, सावकाश, बातमी वाचावी तशी. मग पुस्तक टेबलावर ठेवून म्हणालीस, मागच्या वेळी एक मत आलं होतं. ते पटलेलं नाही असं कुणी आहे का?

तू प्राचीकडे पाहिलंही नाहीस. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. तू त्या पोरीला वर्गात एकटी उभी राहू देणार नव्हतीस. तिचं बोलणं तू वर्गाचं करून टाकलंस.

मग सानिया उठली. म्हणाली, मला नाही पटलं, माय खोटं नाही बोलली. तू म्हणालीस, काहून. सानियानं पुस्तक मागून घेतलं, पानं उलटली आणि बोट ठेवून वाचलं: सुई ओवून दे, असं ती रोज पोराला म्हणते. मग मान वर करून म्हणाली, “रोज देत होती न सुई. मंग सांगतलंच की तिनं. पोरालेच समजलं नाही.”

वर्गात कुजबुज झाली. मी स्वतः ही गोष्ट दोनदा ऐकली होती आणि ती सुई मला दिसली नव्हती. माझ्यासाठी तो केवळ रंगवलेला प्रसंग होता.

प्राची न विचारता उभी राहिली. वडिलांकडे पाठच होती. म्हणाली, सुई देणं म्हणजे सांगणं नाही, ती त्याला खेळ म्हणून द्यायची, मग पोराला कसं कळणार. पण पोरानंही कधी विचारलं नाही, रोज रोज सुई मलाच का देतेस म्हणून. हे सानियाचं खरं आहे. मग दोघांचंही चुकलं. तू म्हणालीस, अजून कुणाचं? तू नुसतं सहज विचारलंस, तुझ्या मनात काही उत्तर नव्हतं. हे तू मला नंतर शपथेवर सांगितलंस. प्राची म्हणाली, “ज्यानं गोष्ट लिहिली त्याचं बी चुकलं. तो म्हनते माय महान आहे. महान म्हटलं की मंग तिले कोनी काही विचारतच नाही.”

नसीम, मी इतकी वर्षं मराठी शिकवली. मातृप्रेमावर इतकं नेमकं वाक्य ना मला सुचलं, ना कुठं वाचायला मिळालं.

आणि तेव्हा ते मागच्या बाकावरून उठले. विद्यार्थी उठतो तसे, बाकावर एक हात टेकवून. कुणाकडे पाहून बोलत नव्हते. “प्राचीची माय मले रोज सांगे,” म्हणाले, “येताना मेडिकलमधून पोटाची गोळी आनजा. मी आनत जाऊ. लय दिवस आनली.”

इतकंच. मग बसले.

तू त्यांना काही विचारलं नाहीस. धीराचं वाक्यही बोलली नाहीस. तू खिडकीकडे गेलीस आणि तिथं उभी राहिलीस, आणि सगळा वर्ग तुझ्यासोबत गप्प राहिला. तेवढ्या पोरांनी तेवढा वेळ कुणाच्या धाकाशिवाय गप्प राहणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. प्राचीनं एकदा मागं वळून पाहिलं. तिच्या वडिलांनी मान हलवली, म्हणजे काही नाही, बस. ती बसली.

टी.सी.चा विषय कुणी काढला नाही. फाटकापाशी त्यांनी तुला विचारलं, या गोष्टीची झेरॉक्स भेटन काय, घरी वाचून दाखवतो. तू पुस्तकच देऊन टाकलंस. सचिवांना मी फोन करून सांगितलं, की पालकांची तक्रार राहिलेली नाही. तेवढं त्यांना पुरलं.

परतीच्या बसमध्ये मात्र मी तुला सोडलं नाही. म्हणाले, आज निभावलं. उद्या एखाद्या घरची अशी जखम उघडेल की ती शिवायला तुझ्याकडे दोरा नसेल. वर्ग म्हणजे दवाखाना नाही. कोणत्या पोराला बोलू द्यायचं आणि कोणाला हळूच खाली बसवायचं, हे शिक्षकाला कळलं पाहिजे. तू म्हणालीस, मी घराबद्दल कुठं विचारलं, मी तर पुस्तकाबद्दल विचारलं. मी म्हणाले, पोरं पुस्तकाच्या आडून घराबद्दलच बोलतात. तू म्हणालीस, “त म्हनूनच पुस्तक आडवं ठेवलं न मी.” हे भांडण अमरावतीपर्यंत चाललं, आणि खरं सांगायचं तर आजही मिटलेलं नाही. तुझ्या आजारपणातही आपण ते दोनदा उकरून काढलं. मला अजून वाटतं, की काही पोरांना खाली बसवायला हवं. तुला ते कधीच पटलं नाही. राहू दे असंच. सगळी भांडणं मिटवून गेलेल्या माणसाशी नंतर बोलायला काही उरत नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्या लागायच्या होत्या. बस नांदगाव पेठ सोडून पुढं निघाली होती, आणि तुझी बोलायची पाळी असूनही तू बोलत नव्हतीस. बाहेर संत्र्याच्या बागा होत्या. तू त्यांच्याकडे पाहत म्हणालीस, “कुंदे, मले गाठ निघाली. डॉक्टर म्हनते, चांगली नाही.”

मी काय बोलले ते मला आठवत नाही. तू काय बोललीस ते आठवतं. म्हणालीस, तुला सांगणार नव्हते. आधी ठरवलं होतं, परीक्षा झाल्यावर सांगू, मग ठरवलं दिवाळीनंतर सांगू. पण त्या पोरीचं बोलणं डोक्यातून जात नाही. “तू जन्मभर म्हनशील, रोज बाजूले बसत होती अन् मले समजलं नाही. ते मले नाही पाहिजे.”

तू त्यांना शिकवत होतीस आणि त्यातल्या एकीकडून तू हे शिकलीस. मी तुझा हात धरला आणि तिवशाला उतरताना सोडला.

पण सांगितलंस म्हणून मला किती करता आलं, नसीम. नागपूरच्या दवाखान्यात तुझ्यासोबत बसता आलं. इंजेक्शनच्या आठवड्यात तुझे तास घेता आले. तुझे केस गेले तेव्हा, आता माझ्यापेक्षा तुझंच डोकं चांगलं दिसते, हे म्हणता आलं, आणि तू पोट धरून हसलीस. पुढं तुला अकोल्याला, सलीमभाईंच्या घरी नेल्यावर दर रविवारी येता आलं. कूलरच्या आवाजात मी मोठ्यानं वाचायची, भाभी दारात भाजी निवडत ऐकायच्या. तू डोळे मिटून पडलेली. मला वाटायचं झोपलीस, म्हणून मी थांबायची, आणि तू डोळे न उघडता म्हणायचीस, “या माणसानं हे पान उगाच लिहिलं.” मी विचारायची, काहून. तू म्हणायचीस, आजारी माणसाला ‘काहून’ विचारू नये. आणि तरी कारण सांगायचीसच.

एका रविवारी मी तुला नीट बसून म्हणाले, की तुझ्यामुळे मी वर्गात ऐकायला शिकले. वाक्य जुळवून आणलं होतं. तू पूर्ण ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “संदेश देऊन राहिली काय?” मग माझा हात घट्ट धरलास. आणि बजावलंस, की शाळेत माझ्या नावानं कपाट-गिपाट काही करू नको. तास चालला तर चालू दे. नाही चालला तर ओढत नेऊ नको.

एकच गोष्ट मी तुला सांगितली नाही, ती आता सांगते. शेवटच्या दोन रविवारी तुझ्या घरून निघताना मी मनात मागत होते, की आता लवकर सुटू दे. तुझ्या अल्लाकडे मागितलं, माझ्या देवाकडेही मागितलं. तू ऐकलं असतंस तर रागावली नसतीस, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तोंडावर म्हणवलं नाही. तुझा फोन येणार नाही, सलीमभाईंचा येईल, हे कळलेलंच होतं. तो आला, आणि मी खुर्चीत बसून पहिल्यांदा मोठा श्वास घेतला.

परवा अकोल्यात, तुझ्या घरी बायकांच्या खोलीत भाभीशेजारी बसले होते, तेव्हा प्राची आली. आता अमरावतीला कॉलेजात आहे. उंच झाली आहे. वडील बाहेर मांडवात पुरुषांत बसले, ती आत येऊन माझ्याशेजारी टेकली. आधी रडली. मग मी तिच्या आईची चौकशी केली. बरी आहे म्हणाली. मग डोळे पुसत पुसत म्हणाली, “मॅडम, आता तिचा गुडघा दुखला तरी सांगते. जेवताना सांगते, टीव्ही पाहताना सांगते. बाबा म्हनतात, काहून मॅडमनं हे काय लावून देल्लं आपल्या मागं.”

मला हसू आवरलं नाही. भाभींना कळलं नाही, म्हणून मी त्यांना हिंदीतून सगळं सांगितलं, गोळीपासून गुडघ्यापर्यंत, आणि भाभी ओढणी तोंडाला लावून हसायला लागल्या. मग शेजारच्या बायकाही. मय्यताच्या घरी असं हसू नये म्हणतात. पण बाहेरून सलीमभाई डोकावले, आम्हाला पाहिलं, आणि परत फिरले. त्यांच्याही चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाल्यासारखा वाटला मला.

आज शनिवार होता. वाचनाचा तास घ्यायला मी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. टाळावा असंही वाटलं होतं. कपाट उघडून हाताला आली ती गोष्ट घेतली. एक कुटुंब गाव सोडून जातं आणि घरचा कुत्रा मागंच ठेवून जातं, अशी. वाचून झाली. मी पुस्तक मिटलं. तू त्या खिडकीपाशी उभी राहायचीस, तिकडे माझं लक्ष गेलं आणि पोरांना विचारायचं राहूनच गेलं.

पोरांनी माझी वाट पाहिली नाही. एक पोरगा म्हणाला, त्यांचं बरोबर होतं, शहरात कुत्र्याला घेऊन जाऊन ते काय करणार. त्याच्या मागची पोरगी म्हणाली, मग निदान शेजाऱ्याला तरी सांगून जायचं. तिसरा म्हणाला, शेजाऱ्याचं नाव आहे ना गोष्टीत, बघ. तिघंही एका पुस्तकावर वाकले. चौथी म्हणाली, कुत्र्याला विचारलं का कुणी. त्यावर हशा झाला, आणि मग तो हशा थांबून तिच्या बोलण्यावरच वाद सुरू झाला. मी एका कडेला उभी. घंटा झाली तरी ते उठेनात. शेवटी उठले, ते भांडत भांडतच. व्हरांड्यातून, सायकली काढताना, फाटकाबाहेर गेल्यावरही त्यांचा आवाज येत होता. मला कुणी काही विचारलं नव्हतं. तुलाही नाही.

वर्ग रिकामा झाला. मी खिडक्या लावल्या, पुस्तक कपाटात ठेवलं, स्टाफरूममध्ये आले. आणि मला भूक लागली, नसीम. तुला अकोल्याला नेल्यापासून मी जेवण म्हणून जे करत होते ते नुसतं पोटात ढकलणं होतं. आज हात धुऊन डबा उघडला. भाकर होती, वांग्याची भाजी होती, मिरचीचा ठेचा होता.

पोटभर जेवले.